फौजदाराची घोंगडी

१८ सप्टेंबर १९९४, रविवार

रविवारची दुपार आली की मला ओट्यावरचे आकडे ऐकू येतात. माझे यजमान अण्णासाहेब पायरीवर बसायचे. फौजदार त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे, मान वर, डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या हातात चिमटा, शेजारी कान तुटलेल्या कपात बोटभर रॉकेल. मी खांबाला टेकून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. बातमी अर्ध्यावर आली की ते म्हणायचे, "सात." म्हणजे सातवी गोचीड कपात पडली. मी रागावून थांबले तर म्हणायचे, "वाच ना, ऐकून राह्यलोय." मग परत, "आठ."

त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. अशा दोनशे-तीनशे दुपारी गेल्या असतील. आज त्यातली एकही नीट वेगळी काढता येत नाही.

हे सगळं आठवायचं कारण फौजदाराची खाज. पंधरा दिवस झाले, तो शेपटीच्या मुळाशी सारखा चावत असतो. तिथले केस गेले आहेत आणि कातडी लाल झाली आहे. खरं तर कुत्रा त्यांचा, माझा नव्हे. त्यांनीच आणला, त्यांनीच नाव ठेवलं, कारण फाटकात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला हुंगल्याशिवाय तो कुणाला सोडत नसे. गेल्या वर्षी आषाढात ते गेले आणि फौजदार माझ्याकडे राहिला.

लहानपणी बोर्डिंगमध्ये सिस्टर दर शनिवारी आमची डोकी बारीक फणीने विंचरायच्या आणि मग कार्बोलिकच्या लाल साबणाने आंघोळ. स्वच्छतेपुढे कुठलाही किडा टिकत नाही, असं त्या सांगायच्या. उद्यापासून फौजदाराला रोज आंघोळ.

२२ सप्टेंबर

चार दिवस रोज आंघोळ घातली. तो निमूट उभा राहतो, फक्त माझ्याकडे बघत नाही. खाज कमी नाही. उलट पाठीवर कोंडा दिसायला लागला आहे. साबण थोडा जास्त वेळ ठेवायला हवा.

डास फार झालेत. माझ्या घोट्यांवर सगळे लाल फोड. रात्री खाजवून खाजवून जाग येते.

२५ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या द्वारकाबाई आज फाटकाच्या आत आल्या नाहीत. बाहेरूनच बोलल्या. बीडकडे एका गावात प्लेगच्या गाठी आल्याचं आपण ऐकतच होतो, आता सुरतेहून माणसं पळून राहिली आहेत, पेपरात फोटो आलेत. पिसवांमुळे होतं म्हणतात. नगरपालिकेची माणसं गल्लीत पांढरी पावडर टाकून गेली.

त्या वाईट नाहीत. अण्णासाहेब गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या घरचा चहा त्यांनीच केला. पण आज त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं, माझ्यामागे खाजवत बसलेल्या फौजदाराकडे होतं.

"गिरिजाबाई, फौजदाराची बदली करा आता," त्या म्हणाल्या. "आष्टीला शेतावर धाडा. आमच्या घरी लहान लेकरं हाईत."

हसत म्हणाल्या, पण हसणं तोंडापुरतंच होतं.

संध्याकाळी धर्मराजचा पुण्याहून फोन. त्याच्यापर्यंतही बातमी गेलेली दिसते. दिवाळीला माझ्या नातीला, रेणूला, घेऊन येतो आहे, ती आता रांगते, जमिनीवरचं सगळं तोंडात घालते. तो हळू आवाजातच बोलला, त्याच्या वडिलांसारखा. म्हणाला, "आई, तोपर्यंत तो बरा झाला तर बघू. नाही तर कचरूला सांगतो, आष्टीला घेऊन जाईल." कचरू आमची शेती बघतो. त्याची तीन कुत्री आहेत, शेतावर वाढलेली, दांडगी. फौजदार नऊ वर्षांचा आहे आणि पोळी दुधात मऊ करून दिली तरच खातो. तिथे तो आठवडा काढणार नाही, हे धर्मराजला कळत नाही असं नाही.

मी म्हणाले, बरा करते.

२७ सप्टेंबर

जनावरांच्या दवाखान्यात गेले. रिक्षावाला कुत्र्याला घ्यायला तयार नव्हता. दुप्पट कबूल केले तेव्हा, "पिसवा न्हाईत ना मावशी?" असं तीनदा विचारून घेतलं.

डॉक्टर तौर तरुण आहेत, बाहीला शेण लागलेलं. एका म्हशीला मोकळं करून हात धुऊन आले आणि फौजदारासमोर उकिडवे बसले. आधी त्याला स्वतःचे हात हुंगू दिले. मला फार बरं वाटलं. माणसांचे डॉक्टरसुद्धा एवढं करत नाहीत.

त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरूज नाही म्हणाले. मग बारीक फणीने शेपटीजवळचे केस विंचरले आणि फणीतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. चहाच्या चुऱ्यासारखे दाणे. बघता बघता एकेका दाण्याभोवती लाल वर्तुळ पसरलं.

"ही माती नाही, काकू. पिसवांची घाण आहे. त्याचंच रक्त आहे हे."

मी घाबरून सुरतेचं विचारलं. ते म्हणाले, ती उंदरावरची पिसू, ही कुत्र्यावरची, पण सध्या पिसूचं आडनाव विचारायला कुणाला सवड नाही. याच्या कातडीला पिसवांचं चावणं सोसत नाही, दोन-चार चावल्या तरी सगळं अंग पेटतं. रोजचा साबण ताबडतोब बंद करायला सांगितला, त्याने कातडी कोरडी पडून खाज वाढली आहे. मी चाळीस वर्षं ज्या साबणावर विश्वास ठेवला तो त्यांनी एका वाक्यात बंद केला. अंगावर टाकायची औषधी पावडर दिली, एक इंजेक्शन दिलं.

मग विचारलं, "झोपतो कुठं? अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट पिसवा झोपायच्या जागेत असतात. अंडी तिथेच गळतात."

मी म्हणाले, व्हरांड्यात, पोत्यावर. पोतं रोज बदलते.

ते खरंच आहे. दिवसा तो पोत्यावरच असतो. रात्री आत येऊन आरामखुर्चीखाली अण्णासाहेबांच्या घोंगडीवर झोपतो, ते मी सांगितलं नाही. ती घरातली गोष्ट आहे.

३ ऑक्टोबर

दोन दिवस खाज एकदम कमी. फौजदार फाटकात जाऊन बसला आणि दूधवाल्याच्या चपला हुंगल्या. मी डॉक्टर तौरांना मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. ओल्या कागदाची परीक्षा मी घरीही करते. पोत्याखाली कागद ठेवला, एकही लाल ठिपका नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

परत तेच. जास्तच. आता कानामागेही जखम. पावडर संपली.

१२ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा. त्यांनी कागदावरची लाल वर्तुळं बघितली. मग म्हणाले, "काकू, औषध बराबर लागू पडलंय. पण हा रोज कुठून तरी नव्या पिसवा घेऊन येतोय. घरात आणखी कुठं झोपत नाही ना? गालिचा, गादी, जुनं काही?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलताना माझे कान गरम होतात, बोर्डिंगपासूनची सवय. डोक्यावर पदर होता म्हणून बरं.

त्या घोंगडीला हात लावायचा नाही, हे माझं मी ठरवलेलं आहे. शेवटचे चार महिने ती त्यांच्या पायांवर होती. पानतंबाखू, खोबरेल तेल आणि त्यांचं अंग, असा सगळा वास तिच्यात आहे. पंधरा महिने मी ती पाण्यात घातलेली नाही, झटकलीसुद्धा नाही. दिवा मालवला की मी खुर्चीच्या बाजूला कूस करते. तेवढा वास आला की झोप लागते. लोकरीत पिसवा असत्या तर मला दिसल्या नसत्या का?

१४ ऑक्टोबर, दसरा

द्वारकाबाईंनी सोनं फाटकावरून दिलं. आपट्याची पानं माझ्या हातात टाकली आणि हात लगेच मागे घेतला. म्हणाल्या, "राग मानू नका." मी राग मानला नाही. त्यांच्या धाकट्या नातवाला तीन दिवस ताप आहे. साधाच आहे, पण या दिवसांत साधा ताप तरी कुणाला साधा वाटतो?

कचरूला निरोप गेला आहे. धर्मराजनेच धाडला. सव्वीस तारखेला टेम्पो घेऊन येणार.

१८ ऑक्टोबर

आज बरंच लिहायचं आहे.

साळूबाई सकाळी गोवऱ्या घेऊन आली. दर मंगळवारी येते, बंबापुरत्या गोवऱ्या टाकते, चहा घेते आणि जाते. तिची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता तिच्या मुलाने थोडी जमीन केली आहे. माझ्याएवढीच असेल, पण मणभराची पाटी डोक्यावरून एकटी उतरवते. आमच्या घोंगडीची लोकर तिने कातलेली आणि विणली तिच्या सासऱ्याने, म्हस्कूने. अण्णासाहेबांनी त्याच्याकडूनच घेतली होती.

ती चहा पिता पिता फौजदाराकडे बघत होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, पावडर, सव्वीस तारीख. तिने कप ठेवला आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"बाई, ह्ये कशानं झालं?"

डास, मी म्हणाले.

"डास काय फक्त घोट्यालाच चावून राह्यले का? वरती तुमचं काय रगात आटलंय?"

मग ती उठून आत गेली. घरात कुठे काय आहे हे तिला कसं कळलं देव जाणे. फौजदार तिच्या मागून गेला आणि त्यानेच दाखवलं म्हणावं लागेल, कारण तो सरळ खुर्चीखाली जाऊन घोंगडीवर गोल फिरून बसला.

मी दारात आडवी उभी राहिले. खरंच आडवी, हात पसरून, या वयात. तिला म्हणाले, ती धुवायची नाही.

साळूबाई जमिनीवर बसली. "धुवा म्हन्लं का मी? लोकर काय उठसूट धूत न्हाईत. मला तुमचा त्यो कागुद द्या, डाक्टराचा."

मी परातीत पांढरं फडकं ओलं करून आणलं. तिने घोंगडीचं एक टोक, फक्त टोक, परातीवर धरून दोनदा झटकलं. काळा चुरा पडला, मिरपूड सांडावी तसा. आम्ही दोघी वाकून बघत होतो. आधी एक लाल झालं, मग दोन, मग सगळं फडकं. त्यात काही उडत होतं. मी अण्णासाहेबांचं भिंग आणलं. बियाण्याच्या कंपनीत होते तेव्हा ते याच भिंगाने दाणे तपासायचे. त्यातून मी बघितलं. नंतर माझे घोटे बघितले.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. फौजदार महिनाभर मला दाखवत होता.

मला रडू आलं ते त्यामुळे नव्हे. मी साळूबाईला सांगितलं, की बाई, यात त्यांचा वास आहे. तोच राहिलाय.

तिने घोंगडीचं मधलं पोट उचललं, नाकाला लावलं आणि डोळे मिटून नीट हुंगलं, जसं दूध नासलंय का ते बघतात. घाई केली नाही. मग परत हुंगलं.

"ह्यो मेंढीचा हाये," ती म्हणाली. "अन् बाकीचा सगळा फौजदाराचा. साहेबाचा न्हाई बाई ह्याच्यात आता. साहेब तमाखू खायाचे, मला ठावं हाये की. तमाखू कुठंय?"

मी घेऊन हुंगलं. पहिल्यांदा उजेडात, नाक लावून. कुत्र्याचाच वास होता. इतके महिने मी रोज रात्री कुत्र्याच्या वासाकडे तोंड करून झोपत होते.

मला हसू आलं. साळूबाईला आलं नाही. ती म्हणाली, "माझा मालक गेल्ता तवा मी त्याचा रुमाल दान्याच्या कनगीत ठिवल्ता. उंदरानं खाल्ला. मंग काय करता?"

२० ऑक्टोबर

घोंगडी साफ करायची साळूबाईच्या लोकांची पद्धत मी आयुष्यात ऐकली नव्हती. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटात मोठ्या काळ्या मुंगळ्यांचं वारूळ आहे. मी दोन वर्षं त्यावर पावडर टाकायचं म्हणते आहे. साळूबाईने काल सकाळी दहालाच घोंगडी त्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि सावलीत येऊन बसली. म्हणाली, मेंढरांमागं फिरताना पाणी प्यायलाच मिळत न्हवतं, घोंगड्या कुठं धुणार, मुंगळ्यांनाच द्यायचो.

थोड्या वेळाने मला जवळ नेऊन दाखवलं. लोकरीच्या विणीतून मुंगळे ओळीने जात होते आणि प्रत्येकाच्या तोंडात पांढरं काहीतरी. भिंगातून बघितलं तर अंडी, आणि केसासारख्या बारीक अळ्या. एकही मुंगळा रिकाम्या तोंडाने परतत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मुंगीच्या उद्योगीपणावर निबंध लिहायला सांगायचे. मी त्यात पहिली आले होते आणि मुंगी कधी पाहिली नव्हती.

दुपारी ऊन तापल्यावर घोंगडी उचलून झटकली आणि गॅरेजच्या पत्र्यावर टाकली. ऑक्टोबरचा पत्रा, हात लावला की भाजतो. आज तिथे दुसरा दिवस. आरामखुर्चीच्या वेताच्या सांध्यांत तिने उकळतं पाणी ओतलं, तर त्यातून गोचिडीही निघाल्या. भिंतीच्या फटी चुन्याने बुजवल्या. मग म्हणाली, कपाट उघडा, सगळं उन्हात घाला, एक जरी पिसू राह्यली तरी मेहनत बेकार.

ते गेल्यापासून त्यांचं कपाटही मी उघडलं नव्हतं. आज त्यांचे सदरे, धोतरं, दोन स्वेटर, काळा कोट, सगळं अंगणातल्या तारेवर होतं. द्वारकाबाई गच्चीवरून बघत होत्या. थोड्या वेळाने वरूनच म्हणाल्या, "गिरिजाबाई, कोटाला चिमटे लावा, वारा सुटलाय."

साळूबाईला मी काही देऊ केलं तर रागावली. पैशाचं नको म्हणाली, गोवऱ्यांचे द्या तेवढे बराबर.

२२ ऑक्टोबर

डॉक्टर तौरांकडे जाऊन खरं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते घोंगडीचं काही बोललेच नाहीत, मुंगळ्यांचंच विचारत राहिले. कितीला पसरली, किती वेळ ठेवली, कुठल्या जातीचे मुंगळे. वहीत लिहून घेतलं. शिकलेला माणूस असा असावा. दुसरं इंजेक्शन दिलं आणि कानामागच्या जखमेला मलम.

२६ ऑक्टोबर

कचरू टेम्पो घेऊन आला. मी त्याला परात दाखवली. फौजदाराला त्याच्यासमोर विंचरलं आणि भुकटी ओल्या फडक्यावर झटकली. नुसता कोंडा. लाल काही नाही. कचरूला हा सगळा प्रकार काय आहे ते कळलं नसावं, पण फौजदाराने त्याच्या चपला सविस्तर हुंगल्या, तेव्हा तो म्हणाला, "ह्यो तर ड्युटीवर हजर हाये. मी कशाला आल्तो मंग?" पोळी खाऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना त्यानेच इथून धर्मराजला फोन लावून सांगितलं.

घोंगडी आज परत खुर्चीखाली. माती आणि ऊन, असा वास येतो. नवी घेतली होती तेव्हाही जवळजवळ असाच यायचा. झोप यायला वेळ लागला, पण आली.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. मुलं उद्या जाणार. रेणूने फौजदाराचा कान धरून उभं राहायला शिकून घेतलं, त्याने हूं की चूं केलं नाही. शेपटीजवळ नवे केस येताहेत, आधीच्यापेक्षा काळे. द्वारकाबाईंच्या नातवाचा ताप केव्हाच उतरलाय. पाडव्याला द्वारकाबाई चकल्या घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या आणि फौजदाराला अर्धी चकली दिली. दोघांनीही मागचा विषय काढला नाही.

आज दुपारी मी भांडी आवरत होते. ओट्यावरून आवाज आला, "एक."

बाहेर जाऊन बघितलं. धर्मराज पायरीवर बसला होता, फौजदार त्याच्या गुडघ्यांच्या मधे, शेजारी तो कान तुटलेला कप. मला न विचारता त्याने माळ्यावरून काढला होता. दाराच्या आवाजाने वर बघून म्हणाला, "आई, एकच सापडली. पेपर वाचतेस का?"

मी वाचला. दुसरी सापडलीच नाही, पण तो शेवटच्या पानापर्यंत शोधत राहिला.

आता कपाट परत भरायचं नाही, असं ठरवलं आहे. नंतर मन बदलू नये म्हणून इथे लिहून ठेवते, धर्मराजने वाचलं तरी चालेल.

काळा कोट धर्मराजला. खांद्यात जरा सैल होईल, चालतंय. दोन्ही स्वेटर आणि धोतरं कचरूला, आष्टीला थंडी जास्त असते. छत्री द्वारकाबाईंच्या यजमानांना, ते नेहमी तिचं कौतुक करायचे. चिमटा डॉक्टर तौरांना, तसा बारीक टोकाचा आता मिळत नाही. भिंग रेणूला, पण ती मुंगळे बघायच्या वयाची झाल्यावर. आरामखुर्ची कुणालाही नाही, तिच्यात मी बसेन. कपही इथेच, ओट्यावरच्या कोनाड्यात.

घोंगडी फौजदाराची. तो आहे तोवर त्याच्याकडून ती कुणी काढून घेऊ नये. त्याच्यानंतर साळूबाईला द्यावी, आणि देताना धुऊ नये. पुढचं काय करायचं ते तिला ठाऊक आहे.